आकडे, संगणक आणि आपले औषध

"डॉक्टर, पेपरात आलंय की या गोळीने हृदयविकाराचा धोका इतक्या टक्क्यांनी कमी होतो. खरं का?" दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. पूर्वी लोक कात्रण घडी करून खिशातून काढत, आता मोबाइल पुढे करतात. बातमीत 'संशोधनाने सिद्ध झाले' एवढेच असते. कोणी सिद्ध केले, किती रुग्णांवर आणि कसे, हे बहुधा नसते. औषध प्रयोगशाळेत तयार होते, पण ते लागू पडते की नाही याचा निकाल आज एका टेबलावर, संगणकासमोर लागतो. त्या टेबलावर काय चालते, ते आज सांगावे म्हणतो.

मूळ अडचण साधी आहे. रुग्ण बरा झाला म्हणजे औषधानेच बरा झाला असे नसते. सर्दी औषध घेऊन सात दिवसांत आणि न घेता आठवड्यात बरी होते, ही थट्टा आपण ऐकलेली आहे. काही रुग्ण आपोआप बरे होतात आणि काही उत्तम उपचार करूनही दगावतात. मग औषधाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे ओळखायचे कसे?

याचे नमुनेदार उत्तर क्षयरोगाच्या औषधाने दिले. स्ट्रेप्टोमायसिन नवे होते तेव्हा ब्रिटनमध्ये त्याचा साठा फार थोडा होता. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने १०७ रुग्ण निवडले. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवलेल्या चिठ्ठ्या बंद लिफाफ्यांत घातल्या आणि त्यांप्रमाणे ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती दिली. आखणीमागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटात १४. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

चार विरुद्ध चौदा. फरक डोळ्यांना दिसतोच. तरी शंकेखोर माणूस म्हणेल, कदाचित जास्त आजारी असलेले रुग्ण योगायोगाने दुसऱ्या गटात गेले असतील. ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देण्याची रीत रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने चहाच्या उदाहरणाने समजावली होती, आणि चहाचा विषय आपल्याला वेगळा सांगायला नको. एक बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. फिशरची योजना अशी: आठ कप करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि बाईंनी दूध आधीचे चार कप ओळखायचे. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत. बाईंना काहीच कळत नसेल, त्या नुसता अंदाज मारत असतील, तर चारही कप बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. एवढा योगायोग मानण्यापेक्षा बाईंना खरेच चव कळते असे मानणे बरे.

क्षयाच्या त्या अभ्यासालाही हाच हिशेब लागू पडतो. औषधात काहीच दम नसता, तर केवळ चिठ्ठ्यांच्या खेळामुळे एवढा मोठा फरक किती वेळा पडला असता? शंभरात जेमतेम एकदा. संशोधनाच्या लेखांत 'पी' या अक्षरापुढे जो छोटा दशांश आकडा असतो, तो हाच. तो ०.०५ च्या, म्हणजे शंभरात पाचाच्या, खाली असला की निष्कर्ष 'लक्षणीय' म्हणायचा प्रघात पडला आहे. हा केवळ प्रघात आहे, निसर्गाचा नियम नव्हे. आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ डॉक्टरांच्याही ध्यानात राहत नाही: हा आकडा 'औषध खोटे असण्याची शक्यता' सांगत नाही. औषध निरुपयोगी आहे असे धरून चालले, तर असा निकाल किती विरळा ठरेल, एवढेच तो सांगतो.

त्याच अभ्यासात, जाता जाता सांगतो, हेही दिसले की काही महिन्यांत जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आज क्षयरोग्याला एकावेळी तीन-चार औषधे का देतात, त्याचे मूळ तिथे आहे.

कागदावरून संगणकात

१०७ रुग्णांचा हिशेब कागदावर होतो. आम्ही शिकत होतो तेव्हा प्रबंधाचे गणित खिशातल्या कॅल्क्युलेटरवर करायचो, आणि एका तक्त्याची बेरीज जुळेपर्यंत रात्रीचे बारा वाजायचे. हजारो रुग्ण, प्रत्येकाची पन्नास प्रकारची माहिती, असे झाले की हाताने काम भागत नाही. त्यासाठी खास सॉफ्टवेअर निघाली. 'एसपीएसएस' हे १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाले. ते मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी होते, पण डॉक्टरांनीही ते उचलले. 'सॅस' हे शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवण्यासाठी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विद्यापीठात जन्मले. बियाण्याचे वाण आणि खतांची मात्रा पारखणारे गणितच पुढे औषधे पारखू लागले. हा धागा आपल्या जवळचाही आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी व्ही. जी. पानसे यांच्यासह शेतीसंशोधनातील संख्याशास्त्रावर लिहिलेल्या १९५४ च्या ग्रंथावर देशातील संशोधकांच्या पिढ्या शिकल्या. सुखात्मे पुढे आहार आणि कुपोषण या विषयांकडे वळले.

साथीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ मध्ये 'एपी इन्फो' काढले आणि ते फुकट वाटले. गावच्या जेवणावळीनंतर पन्नास जणांना उलट्या झाल्या, तर बासुंदी खाणारे किती आजारी पडले आणि न खाणारे किती, असा हिशेब ते चटकन करून देत असे. नंतर न्यूझीलंडमधील ऑकलंडचे रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' तयार केले. नाव एवढेच, एक अक्षर, दोघांच्या नावांचे आद्याक्षर! तेही फुकट आहे. महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थी आणि बड्या औषध कंपनीतील तज्ज्ञ आज त्यावर तेच गणित करू शकतात.

हे सॉफ्टवेअर नेमके काय करते? त्याला तक्ता द्यायचा. एका ओळीत एक रुग्ण. एका रकान्यात वय, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात औषधाचा गट, शेवटी बरा झाला की नाही. मग ते सरासरी काढते, गटांची तुलना करते, वय आणि व्यसन यांचा परिणाम वेगळा काढून औषधाचा परिणाम किती उरतो ते सांगते. त्याला सर्वच येते, फक्त एक येत नाही: समोरचा आकडा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही.

खरी गंमत तक्त्यात

समजा एका वॉर्डातील नऊ रुग्ण अनुक्रमे ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६ आणि ४७ दिवस राहिले. संगणक सांगेल, सरासरी मुक्काम ९ दिवस. गणित चोख आहे, पण नऊ दिवस राहिलेला रुग्ण त्यात एकही नाही. एकट्या ४७ दिवसवाल्याने सगळ्यांना ओढले. अशा वेळी रांगेतील मधला आकडा घ्यावा, तो ४ येतो. खरा अंदाज तो. आणि त्याआधी ४७ हा आकडा बरोबर आहे ना, की कोणी ४ आणि ७ यांच्यामधली रेघ खाल्ली, हे केसपेपर काढून पाहावे.

असे घोटाळे रोजचे आहेत. वय माहीत नसलेल्या रुग्णापुढे '९९' लिहिण्याची पद्धत आहे. ते सॉफ्टवेअरला सांगायचे राहिले, तर बालरुग्णांच्या विभागात नव्याण्णव वर्षांची मुले तयार होतात आणि सरासरी फुगते. तारखेचाही असाच घोळ. आपण ५/६ म्हणजे पाच जून समजतो, अमेरिकी पद्धतीचा संगणक सहा मे समजतो. म्हणून चांगल्या संशोधनात तीच माहिती दोन माणसांकडून स्वतंत्रपणे भरून घेतात आणि दोन्ही तक्ते ताडून पाहतात. कंटाळवाणे काम आहे, याला कोणी पुरस्कार देत नाही. माझ्या मते संशोधनाचा निम्मा प्रामाणिकपणा या कामात असतो.

मोठमोठ्या ठिकाणीही ठेच लागते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, २४० रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना रुग्णालयातून घरी जाताना आणि नंतर खास मार्गदर्शन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २०१८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: मार्गदर्शनाच्या गटाला सहा महिन्यांत या विकारापायी रुग्णालयाची वाट धरण्याची पाळी माणशी सरासरी ०.७२ वेळा आली, दुसऱ्या गटाला १.४० वेळा. सर्वांना आनंद झाला. पुढे संशोधकांना स्वतःलाच आढळले की, संगणकात गटांच्या खुणा उलट्या लागल्या आहेत! म्हणजे १.४० हा आकडा मार्गदर्शन मिळालेल्यांचा होता. २०१९ मध्ये त्यांनी तो लेख मागे घेऊन दुरुस्त निकाल छापला. गणितात कुठेही चूक नव्हती, दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती इतकेच. पण त्या पाट्यांवर विश्वासून एखाद्या रुग्णालयाने योजना सुरू केली असती, तर? चूक कळताच ती चारचौघांत कबूल करणारे संशोधक मला तरी आदरणीय वाटतात.

इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत करोनाच्या याद्या कार्यालयीन हिशेबाच्या 'एक्सेल'मध्ये, त्यातही जुन्या प्रकारच्या फायलीत, जमा होत होत्या. त्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी मुकाट्याने गळल्या. १५,८४१ बाधितांची नोंद आठवडाभर मोजणीतून सुटली आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना वेळेत सावध करता आले नाही. याच 'एक्सेल'ची आणखी एक खोड: 'एसइपीटी१' अशा नावाच्या जनुकाला ते परस्पर एक सप्टेंबर ही तारीख करून टाकते. इतक्या लेखांत ही गफलत सापडली की शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. माणसांनी यंत्रापुढे हात टेकल्याचे याहून मजेदार उदाहरण मला ठाऊक नाही.

राशी आणि ॲस्पिरिन

दुसरा धोका सोपेपणाचा. पूर्वी एक तुलना करायला संध्याकाळ जायची, म्हणून माणूस विचार करून एकच प्रश्न विचारी. आता कळ दाबली की वीस तुलना होतात: पुरुष-स्त्रिया, तरुण-वृद्ध, शाकाहारी-मांसाहारी. शंभरात पाच ही मर्यादा धरून निरुपयोगी औषधाच्या वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर निदान एक तरी निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' निघण्याची शक्यता शंभरात ६४ असते. मग तीच एक छापायची आणि एकोणीस विसरायच्या! याला संशोधन म्हणायचे की सोडत?

याची उत्तम थट्टा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केली. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिन मिळालेल्या ८,५८७ जणांपैकी पाच आठवड्यांत ८०४ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले, खोटी गोळी मिळालेल्या ८,६०० पैकी १,०१६. एवढ्या मोठ्या संख्येत हा फरक योगायोगाचा असणे जवळजवळ अशक्य. पण अमुक वयाच्या, तमुक प्रकारच्या रुग्णांत वेगवेगळा परिणाम दाखवा असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी रुग्णांची जन्मराशीनुसारही विभागणी करून छापली. निष्कर्ष: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित अपाय, बाकी दहा राशींना भरपूर फायदा! (ही पाश्चात्त्यांची जन्मतारखेवरची रास, आपली चंद्ररास नव्हे. मिथुनवाल्यांनी काळजी करू नये.) आकडे खरे होते, सॉफ्टवेअरही बरोबर होते. पुरेसे तुकडे पाडले की कुठेतरी विचित्र काहीतरी निघतेच, हे त्यांना दाखवायचे होते.

याच आकड्यांवरून बातमीतील टक्केवारीही समजून घेता येते. शंभरात साधारण ११.८ मृत्यू होते ते ९.४ झाले. 'मृत्यू वीस टक्क्यांनी घटले' असे म्हटले तरी खरे आणि 'शंभर रुग्णांमागे दोन-अडीच जीव वाचले' असे म्हटले तरी खरे. जाहिरातवाला पहिले वाक्य निवडतो. झटक्याच्या वेळी शंभरात दोन-अडीच जीव ही फार मोठी गोष्ट आहे, कारण गोळी स्वस्त आहे. पण जो धोका मुळात दहा हजारांत दोन आहे, तो 'निम्म्यावर आणणारी' महागडी गोळी दहा हजारांतील एकाला वाचवते आणि उरलेल्या ९,९९९ जणांच्या फक्त खिशाला लागते. म्हणून 'किती टक्के' याच्या जोडीने 'कितीपैकी किती' हे विचारत जा. आणि हे वाचून रोज ॲस्पिरिन सुरू करू नका. वरील अभ्यास झटका आलेल्यांचा होता. धडधाकट माणसाने सल्ल्याशिवाय घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गडचिरोलीचे आकडे

आकड्यांचा हा खटाटोप कशासाठी, तर उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन घेणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, वेळ आल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. ३९ गावांत ही सेवा सुरू झाली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आधी, १९९३ ते ९५ या काळात, दोन्हीकडचा नवजात मृत्युदर जवळपास सारखा होता: हजार जन्मांमागे ६२ आणि ५८. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत तो २५.५ वर आला, तुलनेच्या गावांपेक्षा निव्वळ ६२ टक्के घट. योगायोगाची शक्यता हजारात एकाहून कमी निघाली. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात छापून आले.

यात गावांची चिठ्ठ्यांनी वाटणी नव्हती, ही मर्यादा जाणकार सांगतात आणि ती खरी आहे. पण आधीचे दर मोजलेले होते, तुलनेची गावे होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली होती. 'आमच्याकडे बाळं वाचायला लागली' एवढ्या सांगण्यावर दिल्लीतील फाइल हलली नसती. २०११ पासून आशा ताईंनी घरी येऊन बाळ तपासण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तिच्यामागे हे आकडे आहेत. आपल्या गल्लीत ताई काटा घेऊन येते, तेव्हा तिच्या वहीतील प्रत्येक नोंद त्या तक्त्याच्या एका ओळीसारखी असते, हे लक्षात असू द्यावे.

भारतात औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री', २००७ पासून आहे आणि २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणे सक्तीचे झाले. कोणता प्रश्न विचारणार, किती रुग्ण घेणार, हे आधीच लिहून द्यावे लागते. मागाहून राशी पाहून निकाल बदलण्याला त्यामुळे थोडा आळा बसतो. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते; घरातले कॉलेजात जाणारे मूल ती शोधून देईल.

कधी एखाद्या मोठ्या रुग्णालयात 'आमच्या अभ्यासात भाग घ्याल का' असे विचारले गेले, तर घाबरू नका आणि भारावूनही जाऊ नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केल्यावर त्याची प्रत ठेवा. मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. भाग घेतलात तर मात्र एक करा. गोळ्या किती चुकल्या असे विचारले की खरे सांगा. 'डॉक्टरांना वाईट वाटेल' म्हणून 'एकही नाही' सांगणारे रुग्ण आमच्याकडे कमी नाहीत. तो शून्य तसाच तक्त्यात जातो, आणि पुढच्या रुग्णाची मात्रा त्यावरून ठरते.